पित्ताला नवी वाट

यकृतात तयार होणारे पित्त एका नलिकेतून लहान आतड्यात उतरते, हे आपण वर्गात शिकवतो. काही बाळांत मात्र जन्मानंतर थोड्याच आठवड्यांत ही नलिका पूर्ण बंद होते. पित्त तुंबते, कावीळ वाढते, यकृत निकामी होऊ लागते. लहान मुलांत यकृतरोपण करावे लागण्याचे हे सर्वांत मोठे कारण आहे.

१९८९ साली ब्रिस्बेन येथे रसेल स्ट्राँग यांनी आईच्या यकृताचा तुकडा तिच्या बाळाला यशस्वीपणे बसवला. अशा तुकड्याची पित्तनलिका जेमतेम काही मिलिमीटर रुंद असते. ती जोडायची कशाला? बाळाची नलिका तर निरुपयोगी!

यासाठी लहान आतडे वरच्या भागात कापतात. खालचे टोक वर आणून नलिकेला शिवतात. वरचे टोक सुमारे ३०-४० सेंटिमीटर खाली, आतड्याच्या कडेला जोडतात. इंग्रजी 'वाय' अक्षराच्या एका फाट्यातून अन्न येते, दुसऱ्यातून पित्त. फाटा लांब असल्याने अन्न सहसा यकृताकडे चढत नाही.

तरीही हा जोड नाजूकच. यकृताच्या पेशींना रोहिणी आणि आतड्याकडून येणारी नीला अशा दोन्हींतून रक्त मिळते. पित्तनलिकेला मुख्यतः रोहिणीतूनच. रोहिणी तुंबली, की जोड गळतो किंवा आक्रसतो.

म्हणून विद्यार्थ्यांमार्फत घरोघरी एवढे जरूर पोचवा: बाळाची कावीळ दोन आठवड्यांनंतरही टिकली किंवा शी पांढुरकी झाली, तर ताबडतोब डॉक्टरांकडे न्यावे. पहिल्या दोन महिन्यांत कासाई शस्त्रक्रिया झाल्यास काही बाळांचे रोपण लांबते, काहींचे टळतेही.