तास भरले म्हणून मोठं जेट हाती येत नाही

पांढुर्णा-सौसरकडची पोरं आता वैमानिक व्हायची चौकशी करतात, याचा मला आनंद आहे. पण घरची मोठी माणसं एक वाक्य हमखास ऐकवतात: "चार-पाच हजार तास झाले की कुठलंही विमान उडवता येतं, मोठं जेट म्हणजे काय वेगळं असतं?" वेगळंच असतं, आणि हे कितीदा सांगायचं!

मुळात नियमच आडवा येतो. डीजीसीए ही आपली विमान वाहतूक नियामक संस्था जेटच्या प्रत्येक प्रकारासाठी परवान्यावर स्वतंत्र नोंद मागते. वैमानिक तिला टाइप रेटिंग म्हणतात. वर्गातला अभ्यास, सिम्युलेटर, परीक्षा, सगळं नव्याने. पुढेही दर सहा महिन्यांनी तपासणी असतेच.

शिकाऊ सेस्ना 172 पूर्ण भरलं तरी साधारण 1,100 किलोचं. गल्फस्ट्रीम जी 650 उड्डाणाच्या वेळी 45 टनांपर्यंत जातं आणि 51,000 फुटांवर चढू शकतं. तिथे केबिनचा दाब अचानक गेला, तर शुद्ध हरपण्याआधी हाती मोजके सेकंद उरतात. आधी ऑक्सिजनचा मास्क, मग बाकीचं. ही सवय सेस्नात हजारो तास काढून लागत नाही.

आणि जेटवरच्या अनुभवाचं म्हणाल, तर अमेरिकेतल्या बेडफर्डचा अपघात बघा. 31 मे 2014, गल्फस्ट्रीम जी 4. एका वैमानिकाचे 11,000 हून अधिक तास, दुसऱ्याचे 18,000 हून अधिक. उभ्या विमानाचे सुकाणू वाऱ्याने हलू नयेत म्हणून एक कुलूप असतं. ते काढायचंच राहिलं. उड्डाणाआधी दांडा पुढे-मागे, डावी-उजवीकडे शेवटपर्यंत फिरवून बघितला असता, तर चूक तिथल्या तिथे कळली असती. विमान उचललंच नाही, धावपट्टीपलीकडे जाऊन पेटलं. सातही जण गेले. तिथल्या एनटीएसबी या तपास संस्थेने नोंदी काढल्या, तेव्हा आधीच्या 175 उड्डाणांपैकी 98 टक्के वेळा ही तपासणी पूर्ण झालीच नव्हती. तास होते, शिस्त नव्हती. कृपा करून पोरांना हे सांगा.

बाकीचे गैरसमज किरकोळ. ऑटोपायलट सगळं करतो? उड्डाण वैमानिकच करतो. कॉर्पोरेट जेटवर आराम असतो? इंधन, हवामान, प्रवाशांचं सामान, बरंचसं दोन्ही वैमानिकांनाच बघावं लागतं. चष्मा लागला की संपलं? चष्म्याने नजर ठरलेल्या निकषात बसत असेल, तर वैद्यकीय तपासणीत पास होता येतं.