लखनौची थंडी: उघड्यावर रात्र काढायची वेळ आली तर

डिसेंबर-जानेवारीत लखनौला निघालाय? दाट धुक्यामुळे गाड्या तासन्‌तास रखडतात. मैदानी भागात किमान तापमान ४ अंशांवर किंवा त्याखाली गेलं की हवामान खातं थंडीची लाट मानतं. म्हणून:

🧣 एका जाड जॅकेटपेक्षा तीन पातळ थर बरे. मधली हवा ऊब धरते.
🧦 कान झाका, ओले मोजे लगेच बदला.
📰 फरशीवर थेट बसू नका. खाली पुठ्ठा किंवा वर्तमानपत्रं घाला.
🔥 शेकोटी उघड्यावरच. बंद खोलीत कोळशाची शेगडी नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच जीव जातो.
🚫 दारूने ऊब वाटते, पण अंगातली उष्णता उलट बाहेर जाते.
🚑 जीभ अडखळली, गुंगी आली तर १०८ लावा.

निवाऱ्यासाठी ‘रैन बसेरा’ कुठे, ते विचारा.