तिसऱ्याला मत द्यायचं का?

दोस्तांनो, वर्गात मॉनिटरची निवडणूक आहे. चुरस दोघांतच, तुम्हाला मात्र आवडतो तिसराच. तो निवडून येणार नाही, हे ठाऊक आहे. मग मत कोणाला द्याल?

अमेरिकेतल्या मतदारांपुढे दर चार वर्षांनी हाच पेच येतो. राष्ट्राध्यक्ष ठरवणारी ५३८ मतं तिथे राज्याराज्यांत वाटलेली असतात. बहुतेक राज्यांत जो पहिला येतो, तो त्या राज्याची सगळी मतं घेऊन जातो! १९९२ मध्ये रॉस पेरो यांना सुमारे १९ टक्के लोकांनी पसंती दिली. पण या ५३८ पैकी त्यांना किती मिळाली? शून्य!

२००० मध्ये फ्लोरिडा राज्यात जॉर्ज बुश अवघ्या ५३७ मतांनी अल गोर यांच्या पुढे राहिले आणि राष्ट्राध्यक्ष झाले. तिथेच तिसरे उमेदवार राल्फ नेडर यांना ९७ हजारांवर मतं होती. ‘नेडरनी आमची मतं फोडली,’ असं म्हणत गोर यांचे समर्थक चिडले. नेडर यांचं उत्तर असं, की मतं कोणाच्या मालकीची नसतात. ती मिळवावी लागतात.

जिथे निकाल ठरल्यासारखा असतो, तिथे आवडत्या उमेदवाराला मत देऊन त्याचा विचार पुढे आणता येतो. पण जिथे चुरस असते, तिथे ‘नको असलेलाच निवडून आला तर?’ हेही मनाला विचारावं लागतं.

सांगा बरं, फ्लोरिडात तुम्ही काय केलं असतंत?