अग्निशमन बंबांची उपलब्धता आणि मनुष्यबळाचा तुटवडा

शहराची अग्निसुरक्षा बंबांच्या संख्येवरून मोजण्याचा प्रघात आहे. स्थायी अग्निशमन सल्लागार परिषदेचा निकषही तसाच आहे : तीन लाख लोकसंख्येपर्यंत दर ५०,००० लोकांमागे एक बंब. तथापि केंद्रात उभा असलेला बंब आणि वर्दी मिळताच बाहेर पडू शकणारा बंब या भिन्न गोष्टी होत.

एका बंबावर चालक, तांडेल व चार फायरमन असे सहा जण धरू. बंब आठवड्याचे १६८ तास सज्ज हवा. कर्मचारी मात्र ४८ तास काम करतो. म्हणजे एका जागेसाठी साडेतीन माणसे. रजा, सुट्ट्या व प्रशिक्षण जमेस धरल्यास सुमारे चार. या हिशेबाने तीन लाखांच्या नगरातील सहा बंबांसाठी १४४ पदे प्रत्यक्ष भरलेली असावी लागतात.

खरी अडचण चालकाची. बंब हाकणे आणि घटनास्थळी पंप चालविणे ही दोन्ही कामे त्याचीच. दोन बंब व चार चालक असलेल्या केंद्रात अहोरात्र खात्री देता येते ती एकाच बंबाची. दुसरा नोंदवहीत ‘सुस्थितीत’ असतो, इतकेच. फायरमन अपुरे असल्यास बंब निघतो खरा. परंतु श्वसनयंत्र लावून धुरात जोडीनेच शिरावयाचे असते. तिघेच पोहोचले तर एक पंपावर अडकतो आणि आत गेलेल्या दोघांच्या मदतीस बाहेर कोणीच उरत नाही. अशा वेळी अडकलेल्यांचा शोध दुसऱ्या बंबाच्या येण्यावर अवलंबून राहतो.

केंद्रीय गृह मंत्रालयाने करविलेल्या २०१२ च्या देशव्यापी अभ्यासात वाहनांची तूट सुमारे ८० टक्के, तर कर्मचाऱ्यांची सुमारे ९६ टक्के आढळली होती. या तफावतीमागे अर्थव्यवहार आहे. बंब हा एकवेळचा भांडवली खर्च. त्यास अनुदान मिळते. केंद्राने २०२३ मध्ये अग्निशमन सेवांच्या विस्तार व आधुनिकीकरणासाठी ५,००० कोटी रुपयांची योजना आणली. वेतन मात्र दरमहा द्यावयाचे. ७४ व्या घटनादुरुस्तीने (१९९२) अग्निशमन सेवा नागरी संस्थांच्या विषयसूचीत घातली आणि महाराष्ट्रात त्या संस्थांची नोकरभरती आस्थापना खर्चाच्या ३५ टक्के मर्यादेशी बांधलेली आहे. (नव्या बंबापुढे नारळ फुटतो, चालकाच्या नेमणुकीचा समारंभ होत नाही.)

यास्तव वार्षिक प्रशासन अहवालात बंबांच्या संख्येशेजारी आणखी एक रकाना असावा : प्रत्येक बंब वर्षातील ८,७६० तासांपैकी किती तास पूर्ण पथकासह सज्ज होता. हजेरीपट आणि वाहननोंदवही एकत्र ठेवल्यास हा आकडा कोणत्याही केंद्रात काढता येईल.