आईविना पहिलं बाळंतपण



पहिलं बाळंतपण माहेरचं. पण आईच राहिली नसेल तर? पेण-रोह्याच्या कातकरी वाड्यांवर, पावसाळ्याआधी वीटभट्टीवरून माणसं परतली की हा प्रश्न मला भेटतो. यंदा एका मुलीची आई भट्टीवरच वारली. मुलीला आठवा महिना होता.

बाळ झाल्यावर ती रडली की म्हाताऱ्या दटावत, "रडू नको, दूध आटंल." मग ती बाळाला अंगावर घ्यायलाच घाबरू लागली. खरं तर दुःखाने पान्हा फुटायला उशीर होतो, दूध आटत नाही. आटतं ते पाजणं थांबवल्याने. म्हणून आशाताईंनी आणि मी तिला रडू दिलं, बाळ छातीशी ठेवूनच.

मात्र दोन आठवड्यांनंतरही आई जेवत नसेल, बाळ झोपलं तरी झोपत नसेल, त्याच्याकडे बघत नसेल, तर आरोग्य केंद्रात न्यायलाच हवं. नुसत्या प्रार्थनेवर थांबू नये, हे मी मुद्दाम लिहिते.

नामीने ओबेदाला उराशी घेतलं तेव्हा गेलेल्या मुलांचं दुःख संपलं, असं पवित्र शास्त्र कुठं म्हणत नाही.

शेकशेगडीला आता शेजारची काकी येते. ती आईच्या गोष्टी सांगते, मुलगी ऐकते, बाळ पितं.