विश्लेषण : न बोलता दिसणारी बलस्थाने... मूकपटांची आवड स्वतःची ओळख कशी करून देते?

‘तुमची बलस्थाने सांगा’ हा नोकरीच्या मुलाखतीतला ठरलेला प्रश्न. ज्याला छान बोलता येते, तो निम्मी लढाई तिथेच जिंकतो. ज्याला ऐनवेळी शब्द सुचत नाहीत, तो ‘आपल्यात विशेष काही नाही’ अशी समजूत करून घेत घरी परततो. शंभर वर्षांपूर्वी मात्र एक कला अशी होती, जिथे बोलणे कोणाला ऐकूच येत नसे. माणूस काय करतो, एवढेच पडद्यावर दिसे. त्या मूकपटांची गोडी लागलेला प्रेक्षक स्वतःकडेही वेगळ्या नजरेने पाहू लागतो. ते कसे?

मूकपट खरेच ‘मुके’ होते का?

पॅरिसमध्ये १८९५ च्या डिसेंबरात ल्युमिए बंधूंनी तिकीट लावून चित्रपट दाखवले. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात त्यांचा खेळ झाला. ‘आलम आरा’ हा भारतातला पहिला बोलपट १४ मार्च १९३१ रोजी आला. मधली साडेतीन दशके पडदा बोलत नव्हता, पण चित्रपटगृह शांत नव्हते. तिकडे पियानो आणि इकडे पेटी-तबला यांची साथ असे. गरजेपुरता मजकूर पाट्यांवर येई.

त्या काळी कॅमेरा हाताने फिरवला जाई. सेकंदाला साधारण १६ ते २० चौकटी टिपल्या जात. बोलपटांच्या काळात सेकंदाला २४ चौकटी हे प्रमाण ठरले आणि जुन्या फिती त्याच वेगाने दाखवल्या गेल्या. त्यामुळे माणसे तुरुतुरु पळताना दिसू लागली. मूकपट म्हणजे नुसती धावपळ, हा समज बराचसा त्यातून आला. योग्य वेगाने पाहिले, तर त्यांतला अभिनय संथ आणि बारकाव्यांचा असल्याचे लक्षात येते.

प्रेक्षकाच्या नजरेत काय बदलते?

आजची मालिका भाजी निवडतानाही ‘ऐकता’ येते. मूकपटात दहा सेकंद नजर हटली की धागा सुटतो. पात्राच्या मनातले कळायला खांदे, हात, चाल, डोळे वाचावे लागतात. दादासाहेब फाळके यांचा ‘कालिया मर्दन’ (१९१९) याचे सोपे उदाहरण आहे. बाळकृष्णाची भूमिका फाळक्यांची कन्या मंदाकिनी हिने केली होती. कथा सुरू होण्यापूर्वी पडद्यावर फक्त तिचा चेहरा दिसतो आणि त्यावर एकामागून एक भाव उमटत जातात. राग, हसू, भीती... शब्द एकही नाही.

अशी सवय लागली की एक गोष्ट ध्यानात येते. पडद्यावरचा माणूस स्वतःबद्दल काहीच सांगत नाही, तरी तो धीट आहे, चिवट आहे की मायाळू, हे आपल्याला पक्के कळते. मग हाच न्याय आपण स्वतःला का लावत नाही?

कलाकारांना स्वतःची ताकद कशी सापडली?

बस्टर कीटन लहानपणापासून आईवडिलांबरोबर रंगमंचावर पडण्या-आपटण्याचे विनोदी खेळ करत असे. आपण हसलो तर प्रेक्षक कमी हसतात आणि चेहरा कोरा ठेवला तर जास्त, हे त्याला अनुभवातून कळले. तो कोरा चेहराच पुढे त्याची ओळख बनला. चित्रपटात आल्यावर त्याने आधी कॅमेरा आतून कसा चालतो हे समजून घेतले. ‘स्टीमबोट बिल ज्युनिअर’मध्ये (१९२८) घराची अख्खी भिंत त्याच्या अंगावर कोसळते आणि खिडकीच्या मोकळ्या चौकटीतून तो सहीसलामत उभा राहतो. त्या दृश्यात धाडसाइतकाच काटेकोर हिशेब आहे.

लॉन चेनीचे आईवडील दोघेही कर्णबधिर होते. घरात हातवारे आणि चेहऱ्यानेच संवाद चाले. ‘द फँटम ऑफ द ऑपेरा’मधल्या (१९२५) त्याच्या अभिनयाची शिदोरी घरातूनच मिळालेली होती. हॅरॉल्ड लॉइडच्या उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी १९१९ मधल्या स्फोटात गेली. ‘सेफ्टी लास्ट’मध्ये (१९२३) उंच इमारतीवरच्या घड्याळाच्या काट्याला तो लोंबकळतो, ते या अपघातानंतर, कृत्रिम बोटांचा हातमोजा घालून.

फाळक्यांच्या घरात काय घडले?

फाळके १९११ मध्ये मुंबईत येशू ख्रिस्तावरचा चित्रपट पाहून झपाटले, तेव्हा ते चाळिशीत होते. चित्रकला, छायाचित्रण, छपाई आणि जादूचे प्रयोग अशी त्यांची तोवरची वाटचाल. छपाईच्या धंद्यात भागीदारांशी पटेना म्हणून ते बाहेरही पडले होते. कोणाही व्यवहारी माणसाने याला ‘धरसोड’ म्हटले असते. पण चित्रपटाला नेमके हेच सगळे लागत होते. चित्रकाराची चौकट, छायाचित्रकाराचा प्रकाश, छापखान्यातले रसायनांचे ज्ञान आणि जादूगाराची हातचलाखी ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये एकत्र आली. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन सिनेमात तो प्रदर्शित झाला.

त्यात तारामती साकारणारे अण्णा साळुंके उपाहारगृहात कामाला होते. स्त्री-भूमिकेला बायका मिळेनात, तेव्हा फाळक्यांना त्यांची सडपातळ अंगकाठी आणि हात नजरेत भरले. ‘लंका दहन’मध्ये (१९१७) राम आणि सीता दोन्ही साळुंकेच होते. पुढे ते कॅमेराही चालवू लागले. सरस्वतीबाई फाळके कच्च्या फिल्मला भोके पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामे शिकल्या आणि सगळ्या मंडळींचे जेवणखाणही त्यांनीच सांभाळले. यांपैकी कोणी आपली बलस्थाने आधी कागदावर लिहून काढली नव्हती. काम अंगावर आले आणि ती दिसली.

मानसशास्त्र काय सांगते?

ख्रिस्तोफर पीटरसन आणि मार्टिन सेलिगमन या मानसशास्त्रज्ञांनी २००४ मध्ये व्यक्तिमत्त्वातल्या २४ बलस्थानांची वर्गवारी मांडली. कुतूहल, चिकाटी, धैर्य, माया, विनोदबुद्धी, कृतज्ञता, सौंदर्याची जाण अशी ती यादी आहे. फर्डे बोलणे त्यात नाही. अंगभूत कौशल्य वेगळे आणि स्वभावाचे बलस्थान वेगळे, असा भेद ते करतात. जी गोष्ट करताना ‘हा खरा मी’ असे वाटते आणि थकण्याऐवजी हुरूप येतो, ते आपले ठळक बलस्थान, अशी त्यांची ढोबळ खूण आहे.

ताकद ओळखली की यश ठरलेले?

तसे नाही. बोलपट आले आणि अनेकांचा काळ संपला. फाळक्यांनी ‘गंगावतरण’ (१९३७) हा एकच बोलपट केला. कीटनचे स्वातंत्र्य मोठ्या स्टुडिओत गेल्यावर आटले. चार्ली चॅप्लिनने मात्र ‘सिटी लाइट्स’ (१९३१) हट्टाने मूकपटच ठेवला आणि तो गाजला. त्याच चित्रपटात छोटी भूमिका करणारे ग्रॅनव्हिल रेडमंड हे कर्णबधिर चित्रकार होते. मूकपटांच्या काळात पाट्यांवरच्या मजकुरामुळे ऐकू येणारे आणि न येणारे प्रेक्षक एकाच चित्रपटाचा जवळपास सारखा आनंद घेत. तो दुवा बोलपटांनी तोडला. म्हणजे बलस्थान माणसात असते, पण त्याला किंमत मिळणे भोवतालावर अवलंबून असते. किंमत मिळाली नाही म्हणून ते नव्हतेच, असा निष्कर्ष काढणे चूक.

सुरुवात कशी करावी?

भारतात चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षांनी संपतो, त्यामुळे आपले मूकपट मुक्त आहेत. कीटनचा ‘शेरलॉक ज्युनिअर’ (१९२४) जेमतेम पाऊण तासाचा आहे. त्यापासून सुरुवात करता येईल. फोन आडवा धरावा, सूचना बंद ठेवाव्यात आणि मध्ये थांबू नये. नंतर स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. नजर कशावर खिळली : चेहऱ्यांवर, यंत्रांवर, की प्रसंगांच्या जुळणीवर? कोणत्या पात्रासाठी जीव तुटला? कोणता प्रसंग पुन्हा पाहावासा वाटला?

ही कसोटी नव्हे आणि तिला गुणही नाहीत. उत्तरांतून फक्त दिशा कळते. त्यानंतर आपल्याच आठवड्याचा मूकपट डोळ्यांसमोर आणावा. आवाज बंद करून पाहिले तर आपण काय करताना दिसतो? कोणाची तरी गाडी ढकलून देताना, बिघडलेला मिक्सर उघडून बसलेले, की रडणाऱ्या मुलाजवळ गप्प बसून राहिलेले? पुढच्या मुलाखतीत शब्द अडखळले, तर यातलाच एक प्रसंग जसा घडला तसा सांगावा. विशेषणांची गरज पडणार नाही.