रुग्णालयात दाखल झालेल्या किशोरवयीनांतील कोविड-१९ची तीव्रता : आकडेवारीचा अन्वयार्थ

प्रास्ताविक

कोविड-१९च्या साथीच्या पहिल्या वर्षात हा आजार वृद्धांना व व्याधिग्रस्तांनाच घातक ठरतो, मुलांना तो सर्दी-खोकल्यापलीकडे फारसा त्रास देत नाही, अशी समजूत रूढ झाली होती. ती सर्वस्वी निराधार नव्हती. बारा ते सतरा वर्षे वयोगटात रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण प्रौढांच्या तुलनेत अनेक पटींनी कमीच होते. परंतु एखादा आजार क्वचित गंभीर होणे आणि तो सौम्य असणे या दोन भिन्न गोष्टी होत. ज्या थोड्या किशोरांना रुग्णालयाची पायरी चढावी लागली, त्यांच्यात आजाराने कोणते रूप धारण केले, हा प्रश्न या समजुतीमुळे काही काळ दुर्लक्षित राहिला. अमेरिकेत २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आकडेवारीने त्यावर प्रकाश टाकला.

दाखल रुग्णांचे चित्र

अमेरिकेच्या रोगनियंत्रण व प्रतिबंध केंद्राच्या वतीने चौदा राज्यांतील रुग्णालयांतून 'कोविड-नेट' या नावाने माहिती संकलित केली जात होती. जानेवारी ते मार्च २०२१ या तिमाहीत तपासणीत विषाणू आढळलेल्या ३७६ किशोरवयीन दाखल रुग्णांच्या नोंदी अभ्यासण्यात आल्या. त्यांपैकी २०४ जणांच्या बाबतीत दाखल होण्याचे प्रमुख कारण कोविड हेच असावे, असे दिसून आले. उर्वरित १७२ जणांच्या बाबतीत तसे म्हणता येत नव्हते. शस्त्रक्रिया, प्रसूती, अपघात वा मानसिक आजार अशा अन्य कारणांसाठी आलेल्या रुग्णाचीही त्या काळी तपासणी होत असे आणि तीत विषाणू आढळला, की त्याची गणना कोविडग्रस्तांत होई. हा भेद न करता केलेल्या विधानांत एकूण रुग्णसंख्या फुगते आणि तीव्रता मात्र प्रत्यक्षाहून कमी भासते. दोन्ही बाजूंच्या वादांत हा मुद्दा सोयीनुसार वापरला गेला, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे.

कोविडमुळेच दाखल झालेल्या २०४ किशोरांपैकी ३१.४ टक्के रुग्णांना अतिदक्षता विभागात हलवावे लागले व ४.९ टक्के रुग्णांना कृत्रिम श्वसनयंत्रावर ठेवावे लागले. त्यांत एकही मृत्यू झाला नाही. जवळजवळ प्रत्येक तिसऱ्या रुग्णाला अतिदक्षतेची गरज लागणे ही बाब सौम्य आजाराच्या कल्पनेत बसणारी नाही. मात्र हे प्रमाण दाखल झालेल्यांतील आहे, संसर्ग झालेल्या सर्व किशोरांतील नव्हे. या वयोगटात दाखल होण्याचे साप्ताहिक प्रमाण जानेवारी २०२१च्या प्रारंभी सर्वाधिक असतानाही दर लाख लोकसंख्येमागे २.१ इतकेच होते.

याच अहवालात इन्फ्लुएंझाशी केलेली तुलनाही उद्बोधक आहे. ऑक्टोबर २०२० ते एप्रिल २०२१ या काळातील कोविडमुळे दाखल होण्याचे प्रमाण आधीच्या तीन हंगामांतील इन्फ्लुएंझाच्या अडीच ते तीन पट होते. इन्फ्लुएंझाचे ते हंगाम बहुतांशी नित्याच्या जीवनव्यवहाराचे होते. कोविडचे आकडे मात्र मुखपट्टी, अंतरनियम आणि अनेक ठिकाणी बंद असलेल्या शाळा यांच्या काळातले. तेव्हा प्रत्यक्ष फरक दिसतो त्याहून अधिक असणे संभवते.

सहव्याधींची भूमिका

या २०४ रुग्णांपैकी ७०.६ टक्के रुग्णांना किमान एक सहव्याधी होती. लठ्ठपणा ३५.८ टक्के, दम्यासह फुप्फुसांचे दीर्घकालीन विकार ३०.९ टक्के, तर मज्जासंस्थेचे विकार १४.२ टक्के रुग्णांत आढळले. लठ्ठ व्यक्तीच्या छातीवर व श्वासपटलावर मेदाचा भार असल्याने फुप्फुसे पूर्ण प्रसरण पावत नाहीत. शिवाय मेदपेशींमुळे शरीरात सौम्य दाह कायम राहतो. मज्जासंस्थेचा विकार असलेल्या मुलाला पुष्कळदा जोराने खोकता येत नाही, त्यामुळे श्वसनमार्गातील स्राव साचून राहतो. अशा वेळी साधा संसर्गही लवकर न्यूमोनियाचे रूप घेतो. तथापि उर्वरित सुमारे २९ टक्के किशोरांना कोणतीही ज्ञात व्याधी नव्हती, ही बाब नजरेआड करता येत नाही.

संसर्गानंतर दोन ते सहा आठवड्यांनी उद्भवणारा बहुअवयवी दाहविकार ही याहून वेगळी अवस्था होय. मूळ आजार सौम्य असलेल्या, किंबहुना लक्षणेच न दिसलेल्या मुलांतही तो होऊ शकतो. त्यात हृदयाच्या स्नायूंना दाह होऊन रक्तदाब धोकादायकरीत्या खालावतो.

विषाणूचे रूप आणि लसीकरण

जून ते ऑगस्ट २०२१ या काळात डेल्टा प्रकारामुळे अमेरिकेत मुले व किशोर दाखल होण्याचे प्रमाण सुमारे पाचपट झाले. पण दाखल झालेल्यांतील गंभीर रुग्णांचे प्रमाण पूर्वीइतकेच राहिले. आजार अधिक तीव्र झाल्याचा जो समज त्या वेळी पसरला, त्यामागे मुख्यत्वे रुग्णांची वाढलेली संख्या होती.

मे २०२१ मध्ये तेथे बारा ते पंधरा वयोगटाला फायझरची लस देण्यास संमती मिळाली. त्यानंतर जुलै ते ऑक्टोबर या काळात ३१ बालरुग्णालयांत बारा ते अठरा वयोगटातील ४४५ कोविडग्रस्तांचा अभ्यास झाला. त्यांपैकी १८० जण अतिदक्षता विभागात होते. त्यांत पूर्ण लसीकरण झालेले केवळ दोघे. मृत्यू पावलेल्या सातही जणांनी लस घेतलेली नव्हती. येथील ४० टक्के हे अतिदक्षतेचे प्रमाण आधीच्या ३१.४ टक्क्यांशी सरळ ताडून पाहणे योग्य नाही, कारण मोठ्या बालरुग्णालयांकडे गंभीर रुग्णच अधिक पाठवले जातात. पुढे ओमायक्रॉनच्या काळात रुग्णालयात दाखल होण्यापासून किशोरांना मिळणारे लसीचे संरक्षण ४० टक्क्यांवर आले. त्यातही अतिगंभीर आजाराविरुद्ध ते ७९ टक्के, तर कमी गंभीर आजाराविरुद्ध अवघे २० टक्के होते. म्हणजे लसीचा प्रभाव ओसरला तो प्रामुख्याने आजाराच्या सौम्य टोकाला.

भारतात पंधरा ते अठरा वयोगटाचे लसीकरण ३ जानेवारी २०२२ रोजी कोव्हॅक्सिनने आणि बारा ते चौदा वयोगटाचे १६ मार्च २०२२ रोजी कोर्बेव्हॅक्सने सुरू झाले. या दोन्ही लसी फायझरच्या लसीहून वेगळ्या तंत्राने बनवलेल्या असल्याने अमेरिकेतील वरील टक्केवारी भारतीय किशोरांना जशीच्या तशी लावता येणार नाही.